यजमानपदाचं गाऱ्हाणं

महाविद्यालयाच्या जिमखाना समितीचं अध्यक्षपद मराठीच्या मास्तराकडे येतं, तेव्हा त्याचं कारण एकच असतं: ज्या बैठकीत ते ठरलं, त्या बैठकीला तो गैरहजर होता. मी गैरहजर होतो, कारण त्या दुपारी मालवणच्या बाजारात बऱ्याच दिवसांनी सुरमई परवडण्याजोगी झाल्याची बातमी होती. परत आलो तेव्हा माझ्या हातात पिशवी होती आणि टेबलावर नेमणुकीचं पत्र. खेळाशी माझा पूर्वसंबंध म्हणाल, तर शाळेच्या कबड्डी संघात मी राखीव खेळाडू होतो आणि शेवटपर्यंत राखीवच राहिलो. त्यात संघाचं आणि माझं, दोघांचंही भलं झालं.

तरीही वर्ष सुखात गेलं असतं. कॅरमच्या सोंगट्या मोजून घ्यायच्या, व्हॉलीबॉलमधली हवा दरवेळी कोण काढतं याची चौकशी नेमायची, एवढ्यावर भागलं असतं. पण मुंबईच्या एका संघटनेचं पत्रक आलं. महाविद्यालयीन मुलामुलींसाठी स्कीइंगची स्पर्धा भरवायची आहे, इच्छुक महाविद्यालयांनी यजमानपदासाठी प्रस्ताव पाठवावेत. त्या वर्षी महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती आमच्याकडे यायची होती. प्राचार्यांनी पत्रक वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आपण पाठवायचा प्रस्ताव," ते म्हणाले.

"सर, त्याला बर्फ लागतो," मी म्हणालो.

"बर्फ आसा मरे बंदरावर," लेखनिक फायलीतून मान न काढता बोलला. "लादी सांगितली की टेंपोतसून येता."

मासळीच्या पेट्यांत भरायच्या बर्फावरून मुलं घसरताना मला दिसू लागली. पण पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात दिलासा होता. बर्फावरच्या स्कीइंगची सोय संघटना औली किंवा गुलमर्गला बघणार होती. आमच्यासारख्या किनाऱ्यावरच्या मंडळींसाठी दुसरा पर्याय पाण्यावरच्या स्कीइंगचा होता. म्हणजे बोटीला दोरी, दोरीला माणूस आणि माणसाच्या पायाला फळ्या.

"पाणी आपल्याकडे आहे ना?" प्राचार्यांनी विचारलं.

मालवणात उभं राहून या प्रश्नाला 'नाही' म्हणायला छाती लागते. माझ्याकडे ती नव्हती. शिवाय मी तासिका तत्त्वावर होतो.

मराठीचा मास्तर संकटात सापडला की आधी वाचन करतो. मीही यजमानपद कसं मागतात यावर वाचायला घेतलं, आणि वाचता वाचता माझा धीर भलत्याच दिशेने वाढत गेला. १९७६ च्या हिवाळी ऑलिंपिकचं यजमानपद अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराने रीतसर मिळवलं होतं. १९७२ मध्ये तिथल्या मतदारांनी सांगितलं की आमच्या पैशाने हे चालणार नाही, आणि मिळालेलं ऑलिंपिक परत करावं लागलं. मग ते इन्सब्रुकने भरवलं. २०२२ च्या वेळी क्राकाव शहरातल्या लोकांनी सार्वमतात नकार दिला, ओस्लोने माघार घेतली. शेवटी रिंगणात उरली बीजिंग आणि अल्माटी. ४४ विरुद्ध ४० मतांनी बीजिंग जिंकलं आणि तिथली स्पर्धा जवळजवळ सगळी यंत्राने पाडलेल्या बर्फावर झाली. यावर कळस म्हणजे २०२९ च्या आशियाई हिवाळी स्पर्धेचं यजमानपद २०२२ साली सौदी अरेबियाला मिळालं. सौदी अरेबियाला! मी जागेवरून उठलो. यजमानपदासाठी बर्फ लागत नाही, पाणी लागत नाही, लागतो तो आत्मविश्वास, असा निष्कर्ष मी काढला. या सगळ्या शहरांकडे पैसा होता, ही गोष्ट त्या भरात माझ्या नजरेतून निसटली.

प्रस्तावाचा नमुना छापील होता. पण प्राचार्यांची अट होती की सुरुवात महाराजांपासून झाली पाहिजे. ती मला मान्यच होती. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली तिथून मी लेखणी उचलली, ४८ एकरांचा विस्तार सांगितला, खाऱ्या समुद्रात गोड्या पाण्याच्या दूध बाव, दही बाव आणि साखर बाव कशा, ते वर्णिलं, मग १ मे १९८१ ला जिल्हा स्वतंत्र झाला तिथवर आलो. मराठीच्या माणसाने लिहिलेला असल्यामुळे बऱ्याच पानांपर्यंत प्रस्तावात स्कीइंग आलंच नाही.

पुढे रकाने होते. जवळचं रेल्वे स्थानक: कुडाळ, मालवणहून तीसेक किलोमीटर. जवळचा विमानतळ: चिपी, सुरू झाल्याची तारीख ९ ऑक्टोबर २०२१. विमानं किती, हा पुढचा रकाना मी विनम्रपणे कोरा ठेवला. रस्ता: मुंबई-गोवा महामार्ग. चौपदरीकरणाचं काम २०११ पासून चालू आहे, तरी संघांनी निघताना थोडा जादा वेळ हाताशी ठेवावा, असं मी लिहिलं. प्राचार्यांनी 'थोडा' खोडला.

खरी गोम स्पर्धेच्या जागेची होती. मला वाटत होतं की एवढा मोठा समुद्र समोर पसरलेला आहे, त्यातला हवा तो तुकडा घ्यावा. चिवला बीचवर राज्यभरातले पोहणारे दर वर्षी समुद्रात उड्या घेतात, तिथेच आमचे स्कीवाले का नकोत? मग नियम वाचले. पोहणाऱ्याला लाट चालते, स्कीवाल्याला चालत नाही. त्याला ताटात ओतल्यासारखं सपाट पाणी लागतं. त्यात २५९ मीटर लांबीचा मार्ग आखायचा, त्याच्या दोन्ही अंगांना मिळून सहा बोये सोडायचे, बोट मधून सरळ जाणार आणि मागचा माणूस एकेका बोयाला बाहेरून वळसा घालणार. पुरुषांसाठी बोटीचा वेग ताशी ५८ किलोमीटरपर्यंत, बायकांसाठी ५५. सुरुवातीला दोरी १८.२५ मीटर. प्रत्येक यशस्वी फेरीनंतर ती आखूड करत न्यायची. गंमत पुढे आहे: बोया मधल्या रेषेपासून साडेअकरा मीटरवर असतो आणि तरबेज खेळाडूंची दोरी सव्वाअकरा मीटरवर येते, किंबहुना त्याहूनही खाली. म्हणजे दोरी बोयापर्यंत पोचतच नाही. माणसाने आडवं होऊन, हात लांबवून उरलेलं अंतर अंगाने भरून काढायचं.

हे सगळं मी माझ्या मावसभावाला समजावून सांगितलं. त्याची देवबागला पर्यटकांना फिरवायची बोट आहे. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दोरी आखूड पडता तर लांब बांध मरे!"

सपाट पाणी म्हटल्यावर पहिलं नाव धामापूरच्या तलावाचं सुचलं. भगवती देवीच्या देवळापुढचा हा तलाव १५३० सालचा, विजयनगरच्या अमलातला, नागेश देसाई यांनी बांधलेला. तिथलं पाणी इतकं निवांत असतं की आवाज चढवून बोलायचीसुद्धा लाज वाटते. मी गावातल्या एका जाणत्या गृहस्थांकडे विषय काढला. त्यांनी मला चहा दिला, लाडू दिला आणि मग सांगितलं की २०२० मध्ये या तलावाला जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत जागा मिळाली आहे. पाच शतकं हा तलाव इंजिनाशिवाय चालला, पुढेही चालेल. एवढं सभ्य 'नाही' मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मी दुसरा लाडू घेतला आणि उठलो.

राहिली कर्ली नदीची खाडी. एका बाजूला देवबागची निमुळती जमीन, समोर वाळूचं ते बेट, ज्याला २००४ नंतर सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात. पर्यटकांना केळ्यासारख्या फुग्यावर बसवून पाण्यात पाडण्याचा धंदा तिथे जोरात चालतो, म्हणजे बोट आणि दोरी यांची ओळख होतीच. हरकत एवढीच की खाडीचं पाणी स्थिर नसतं. भरतीला आत येतं, ओहोटीला बाहेर जातं, आणि दोहोंच्या मध्ये काही वेळ ते विचारात पडल्यासारखं थांबतं. त्या थांबलेल्या वेळात स्पर्धा घ्यायची, असं मी ठरवलं. किनाऱ्यावरच्या माणसाला भरतीची वेळ काढायला घड्याळ लागत नाही, तिथी लागते: तिथीची पाऊणपट केली की अंदाज मिळतो. अष्टमी असेल तर सहा वाजता भरती. शिवाय अष्टमीला उधाण नसतं, भांगाची भरती असते, ओढ कमी. म्हणून प्रस्तावातल्या 'स्पर्धा सुरू होण्याची वेळ' या रकान्यात मी अभिमानाने लिहिलं: 'तिथीच्या पाऊणपट'.

याच उत्तरामुळे संघटनेने आमच्याकडे निरीक्षक पाठवला, असं माझं आजही मत आहे. त्यांना हा माणूस प्रत्यक्ष बघायचा असावा.

निरीक्षक तुतारी एक्स्प्रेसने कुडाळला उतरले. केशवसुतांच्या कवितेचं नाव गाडीला मिळालंय, हे मी त्यांना स्थानकापासून चौक्यापर्यंत सांगत होतो. ते खिडकीबाहेर बघत होते. मुक्कामाची सोय काकीच्या घरगुती निवासात केली होती. काकीने दुपारी सुरमईची तुकडी, बांगड्याचं तिखलं, तिसऱ्यांचं सुकं, भाकऱ्या आणि सोलकढी वाढली, रात्री वडे-सागोती. साहेब घामाघूम होऊन जेवले. मग बोटं चाटून त्यांनी फॉर्म काढला आणि विचारलं, "खेळाडूंच्या भोजनाचा कॅलरी तक्ता कुठे आहे?"

"काय?" काकीने मला विचारलं.

मी म्हणालो, तक्ता उद्या देतो. फॉर्ममध्ये वैद्यकीय मदतीला वीस गुण होते, वीजपुरवठ्याला पंधरा होते, छायाचित्रकारांच्या मचाणाला दहा होते. सागोतीला गुण नव्हते. ज्या जिल्ह्यात अनोळखी माणसालाही 'जेवून जा' म्हटल्याशिवाय दारातून सोडत नाहीत, त्या जिल्ह्याची यजमान म्हणून परीक्षा घेणाऱ्या कागदावर यजमानकीचा रकानाच नव्हता. हा राग मी अजून गिळलेला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे प्रात्यक्षिक होतं. प्रात्यक्षिक म्हणजे कोणीतरी फळ्यांवर उभं राहून दाखवायचं. मुलांना विचारलं; सगळ्यांची एकदम परीक्षा निघाली. आमच्याकडे पाण्याखाली जाण्याची उत्तम सोय आहे, तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगचं सरकारी प्रशिक्षण केंद्रही आहे. पाण्यावर उभं राहणारा मात्र एकही निघेना. तेव्हा प्राचार्यांनी माझ्याकडे बघितलं. "विषयाचा अभ्यास तुमचाच आहे," ते म्हणाले. अभ्यास होता, हे खरंच. या खेळाचा जनक राल्फ सॅम्युअलसन हा अठरा वर्षांचा पोरगा, १९२२ मध्ये अमेरिकेतल्या पेपिन सरोवरावर त्याने लाकडी फळ्या वाफवून पुढून वाकवल्या आणि त्यांवर उभा राहिला, हे मी प्रस्तावाच्या निबंधात लिहिलं होतं. गुडघे वाकलेले ठेवायचे, हात सरळ ठेवायचे, आपण उठायचं नाही, बोटीला आपल्याला उठवू द्यायचं. पडलोच तर दोरी ताबडतोब सोडायची. तोंडी परीक्षेत मला पैकीच्या पैकी मिळाले असते.

निघण्याआधी देवळात गाऱ्हाणं घालायला हवं, यावर काकीचं एकमत होतं. आमच्याकडे बोट पाण्यात घालताना, म्हैस घेताना आणि मुलगी बघायला जाताना गाऱ्हाणं घालतात. मग एवढा मोठा उद्योग देवाला न सांगता कसा करायचा? गुरवाने नारळ हातात घेतला आणि सुरू केलं:

"बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकरान एक नसतो उद्योग अंगार घेतलेलो आसा..."

"व्हय म्हाराजा!" सगळे.

"तो खेळ कसलो ता तुकाच ठावक, आमका काय एक समाजला नाय. तरी तेच्या पायाखालची फळी बुडाक देव नको रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"मुंबैसून जो सायब इलेलो आसा, तेच्या पोटाक आणि पेनाक तू सांभाळ रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" या वेळी सर्वांत मोठा आवाज माझा होता. साहेबांनीही भक्तिभावाने हात जोडले. त्यांना मालवणी कळत नव्हती, हा देवाचा पहिला चमत्कार.

दुसरा झाला नाही. खाडीवर पोचलो तेव्हा सहा वाजले होते, पाणी ठरल्याप्रमाणे थांबलेलं होतं आणि मिट्ट काळोख होता. पौषात सातच्या सुमारास उजाडतं. निरीक्षकांनी टॉर्च घड्याळावर धरला, मग माझ्या तोंडावर धरला. त्यांनी काही विचारलं नाही आणि मीही काही सांगितलं नाही. उजाडेपर्यंत सगळे वाळूत बसून राहिलो. उजाडलं तेव्हा आणखी एक दृश्य दिसलं. आदल्या संध्याकाळी आम्ही मोजून-मापून सोडलेल्या सहा बोयांपैकी दोन गायब होते आणि उरलेल्यांपैकी दोघांच्या मध्ये कोणीतरी रातोरात जाळं लावलं होतं. जाळ्याचा मालक होडीतून आला, त्याने जाळं ओढलं, त्यात दोन बरे पालू आणि बरेच खेकडे निघाले, मग त्याने जाळं परत लावलं. मी तक्रार केली, तेव्हा तो मनापासून म्हणाला, "आमका वाटला, सरकारान बोये फुकट दिल्यान!" आणि एक पालू त्याने साहेबांच्या हातात ठेवला. साहेब मासा हातात घेऊन फॉर्मकडे बघत राहिले. त्यालाही रकाना नव्हता.

एव्हाना पाणी फिरलं होतं आणि समुद्राकडे निघालं होतं. पण मी पायात फळ्या अडकवून छातीभर पाण्यात बसलेला होतो. एवढ्या लोकांसमोर मागे फिरायला जो शहाणपणा लागतो, तो माझ्याकडे असता तर मी मुळात खाडीवर आलोच नसतो. खेळासाठी जी बोट लागते तिचं इंजिन पोटात असतं आणि मागे लाट जेमतेम उठते. भावाच्या बोटीचं इंजिन शेपटीला होतं आणि ते लाटाच उठवायचं. त्याने हात वर केला, मी हात वर केला.

पुढचं मला तुटक आठवतं. दोरी ताठ झाली. मी गुडघे वाकवले होते, हात सरळ होते, सगळं पाठ होतं तसंच. बोटीने मला उचललंसुद्धा. एका क्षणी मी कर्ली नदीवर उभा होतो, हे शपथेवर सांगतो आणि याला साक्षीदार आहेत. मग मला वाटलं की सगळे बघतायत तर जरा ताठ उभं राहावं. फळ्या एकीकडे गेल्या, मी दुसरीकडे गेलो, आणि ज्या दोरीबद्दल मी निबंधात 'ताबडतोब सोडावी' असं अधोरेखित केलं होतं, ती दोरी मी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली. तासिका तत्त्वावरचा माणूस हातात आलेलं काही सहजासहजी सोडत नाही.

"दोरी सोड! मेल्या, दोरी सोड!" भाऊ ओरडत होता. त्याला इंजिन बंद करायचं सुचेना, मला दोरी सोडायचं सुचेना. तोंड उघडलं की खाडी आत येत होती. मुळे काढायला आलेल्या बायका काठावर थांबल्या होत्या. त्यांच्यातली एक दुसरीला म्हणाल्याचं मला पाण्यातूनही स्पष्ट ऐकू आलं: "कॉलेजातले सर ते. मराठी शिकवतत." जाळ्याशी पोचल्यावर माझी सुटका झाली. म्हणजे दोरी सुटली आणि मी जाळ्यात अडकलो. होडीवाल्याने मला ओढून घेतलं, उलटं केलं, पाणी काढलं आणि सगळ्यात आधी जाळं कुठे फाटलं ते तपासलं.

निरीक्षकांनी दुपारी पुन्हा सुरमई खाल्ली आणि संध्याकाळच्या गाडीने गेले. जाताना काकीने त्यांना कोकमं, आमसुलं आणि खाजं बांधून दिलं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "तुमच्या प्रस्तावाची भाषा उत्तम आहे."

पत्र महिन्याभराने आलं. आमचा प्रस्ताव 'प्रशंसनीय परंतु अग्राह्य' ठरला होता. प्राचार्यांनी फोन करून विचारलं की मग यजमानपद कोणाला मिळालं. कळलं ते असं: संपूर्ण राज्यातून प्रस्ताव एकच आला होता, आमचा. बिनविरोध निवडणूक हरल्याचं उदाहरण आमच्या तालुक्याच्या इतिहासात दुसरं नसावं. स्पर्धा अर्थातच रद्द झाली. नॅकच्या फायलीत मात्र तिची नोंद 'राज्यस्तरीय जलक्रीडा स्पर्धेच्या यजमानपदाच्या प्रक्रियेत सहभाग' अशी गेली. ते वाक्य मीच रचलं.

आता उरलेल्या सामानाचं. १८.२५ मीटरची दोरी आणि चार बोये जिमखान्यात पडून आहेत. वार्षिक तपासणीला दरवेळी त्यांचा हिशेब मलाच द्यावा लागतो. कोणा महाविद्यालयाला यजमानपदाची हौस असेल, तर त्यांनी हे सामान विनामूल्य घेऊन जावं, भाडं तेवढं स्वतः करावं. जेवायला थांबणार असाल तर आदल्या दिवशी कळवा. काकी आयत्या वेळी बर्फातले मासे आणत नाही.